ओट्यावरची शाळा

शहाद्यासारख्या तालुक्याच्या गावी कोणतीही गोष्ट लपून राहत नाही. आमच्या चार वर्षांच्या नातीचे नाव आम्ही बालवर्गातून काढले, ही बातमी संध्याकाळच्या आत बाजारपेठेत पोचली आणि दुसऱ्या दिवसापासून भेटेल तो मला विचारू लागला, "काय हो आबा, पोरीला शिकवायचे नाही की काय?"

शिकवायचे होते, म्हणूनच काढले! मूळची भारी बडबडी पोर. पण गेल्या वर्षी जूनमध्ये गाडीत बसून शाळेला जाऊ लागली आणि गणपती येईतो घरातसुद्धा बोलेनाशी झाली. काही विचारले तर नुसती मान हलवायची. हातात पेन्सिल दिली की मूठ आवळून बसायची. त्या शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तशा शाळा आता गावोगाव आहेत. सूनबाईंनी डोळ्यांना पदर लावला, चिरंजीवांनी फीची पावती पुढे केली, आणि अखेर असे ठरले की, येत्या जूनपर्यंत मुलगी माझ्या हवाली. माझी पात्रता काय म्हणाल, तर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षांची नोकरी! "आबा, जूनपर्यंतही ती बोलली नाही, तर?" या सूनबाईंच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

यात आम्ही कायदा मोडला असे कुणाला वाटेल, तर तसे नाही. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सक्तीची भाषा करतो ती सहा ते चौदा वर्षांच्या मुलांविषयी. सहाच्या आतले मूल घरी शिकले तर त्याला आडकाठी नाही. प्रश्न एवढाच, की शिकवायचे काय आणि कशाने?

याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवलेले आहे. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या कामगारवस्तीत बालगृह काढले आणि मूल आधी हाताने शिकते, हे जगाला दाखवून दिले. आमच्या शेजारच्या गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली बालमंदिर उघडले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तेथे जाऊन मिळाल्या. परंतु माँटेसरीबाईंची साधने पडली महाग. तेव्हा ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, त्यात अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या, आणि या दोघींनी शंखशिंपले, पाने, बिया, खडे यांचीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत ना? मग शाळाच त्यांच्या अंगणात नेली! पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातही शाळा भरवली. कुरणात शाळा भरते, तर आमच्या ओट्यावर का भरू नये?

पहिला धडा गोमाई नदीने दिला. तिच्या पात्रातून आम्ही दहा गोटे वेचून आणले आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायचे ठरवले. माँटेसरी पद्धतीत याच कामासाठी एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत बाजूंचे दहा गुलाबी ठोकळे असतात. आमचे गोटे करडे, पण काम तेच. मधला एक गोटा चुकला की पुढची सारी ओळ डोळ्यांना खुपते. चूक दाखवायला मास्तर लागत नाही, हीच त्यातली खुबी.

दुसरा धडा कापसाचा. शेतातली चार बोंडे तिच्यापुढे ठेवली. अंगठा आणि दोन बोटे यांच्या चिमटीत धरून सरकी ओढून काढायची, मग तोच कापूस पिंजून वात वळायची. आता पाहा, पेन्सिल धरायला हीच तीन बोटे लागतात! पेन्सिल पाहून मूठ आवळणारी पोर तास तास सरकी काढत बसे. त्या दिवाळीत आमच्या घरी लागलेल्या वाती तिच्या हातच्या होत्या. काही जाड, काही बारीक. पण दिवा काही वातीची परीक्षा घेत नाही. दहा वातींची एक जुडी, अशा जुड्या बांधता बांधता दशकाची ओळख झाली ती वेगळीच.

तिसरा धडा पाण्याचा आणि धान्याचा. तांब्यातून वाटीत पाणी ओतायचे, सांडले तर शेजारी ठेवलेल्या फडक्याने आपले आपण पुसायचे. हात स्थिर झाला की ज्वारी मापायची. जुनी मापे आमच्या माळ्यावर पडून होती. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. दशमान मापे येऊन साठ वर्षे उलटली, तरी 'दुप्पट' आणि 'निम्मे' शिकवायला या मापांसारखा गुरू नाही. मात्र एक इशारा दिला पाहिजे. मुले दाणे नाकाकानात घालतात. तेव्हा कडधान्याचे खेळ मोठ्या माणसाच्या नजरेखालीच व्हावेत, आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तर ते देऊच नयेत.

चौथा धडा माझ्या जुन्या धंद्याचा. वेळूची कांब, सुतळी आणि नारळाच्या दोन करवंट्या, झाला तराजू! कारखान्यावर उसाची गाडी आधी भरलेली तोलतात, ऊस उतरल्यावर रिकामी तोलतात. दोहोंतला फरक तो ऊस. चहाची रिकामी डबी घेऊन हे मी तिला आठवडाभर दाखवले. मग माघ महिन्यात एके दिवशी तुरीने भरलेली डबी मी मुद्दाम तशीच करवंटीत ठेवली आणि म्हटले, "झाली तूर तोलून!" ती माझ्याकडे पाहत राहिली. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "आबा, डबी पण तोलली!"

किती महिन्यांनी पुरते वाक्य ऐकले! तेही माझी लबाडी पकडणारे. स्वयंपाकघरातून सूनबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या.

या सर्वांत अवघड काम कोणाचे, तर मोठ्या माणसाचे. ते काम म्हणजे आपले हात आवरणे. मूल बटण लावत असते आणि आपण "दे इकडे" म्हणून क्षणात लावून टाकतो. त्या क्षणी त्याचा धडा बुडतो. दुसरे असे की, काम खरे हवे. खोट्या भातुकलीपेक्षा खरे केळे बोथट सुरीने कापून सर्वांना वाटण्यात मुलाला अधिक मान वाटतो.

यंदाच्या जूनपासून ती घराजवळच्या अंगणवाडीत जाते आणि तेथल्या ताईंशी भांडण्याइतकी बोलते. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा शंभरपर्यंत आकडे लिहितो, हिची मजल विसावर थांबते. सूनबाईंना त्याची चुटपुट अजून आहे. मी म्हणतो, ही वीस वस्तू मोजून हातात देते, तेवढे आज पुरे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माझ्याजवळ वेळ होता. ज्या घरची सारीच माणसे पहाटे कापूस वेचायला किंवा ऊस तोडायला जातात, त्यांनी ओट्यावर शाळा कशी भरवावी? त्यांच्यासाठी चांगली अंगणवाडीच हवी. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाड्या देशभर पसरल्या, पण बालशिक्षण अंगणात नेण्याची ती वाट ताराबाईंनी कितीतरी आधी चोखाळली होती. आपल्या अंगणवाडीत साधने नसतील, तर दहा गोटे, दोन करवंट्या आणि थोडा कापूस आपल्यापैकी कोणीही नेऊन देऊ शकेल.

वाचकहो, दिवाळीची सुट्टी आहे, घरात मुले आहेत. फराळाच्या गडबडीत "लुडबुड करू नकोस" म्हणण्याआधी एक करंजी तिच्याकडून मुडपून घ्या. ती तेलात फुटेलही. फुटू द्या. एका करंजीची ही फी काही फार नाही.