स्टँडअपची पंधरा मिनिटं

स्टँडअप बिघडलंय की नाही हे ओळखायचं असेल, तर बोलणारा माणूस कुणाकडे बघतोय ते पाहावं. प्रत्येक जण मॅनेजरकडे बघून ‘काल हे केलं, आज ते करणार, ब्लॉकर काही नाही’ म्हणतोय आणि बाकीचे आपला नंबर येईपर्यंत मोबाइल चाळतायत, तर ती नुसती हजेरी आहे. ती चॅटवर लिहूनही भागली असती.

स्टँडअप त्यासाठी नसतं. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी लिहिलेल्या स्क्रम गाइडनुसार ही बैठक काम करणाऱ्यांची, जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची आणि एकाच कामासाठी: स्प्रिंटचं उद्दिष्ट गाठायच्या वाटेवर आपण कुठे आहोत ते बघायचं आणि त्याप्रमाणे आजचा बेत बदलायचा. ‘काल काय, आज काय, अडचण काय’ हे तीन प्रश्न आधीच्या आवृत्त्यांत होते. 2020च्या आवृत्तीत ते काढून टाकले, बैठक कशी घ्यायची ते टीमवर सोपवलं. आपल्याकडच्या बऱ्याच टीम मात्र अजून तेच तीन प्रश्न पाठ म्हणतायत.

त्यापेक्षा एक साधा बदल करून बघावा. माणसांना क्रमाने विचारू नये, बोर्डावरच्या कामांना विचारावं. आणि सुरुवात उजवीकडून, म्हणजे पूर्ण व्हायला आलेल्या कार्डापासून करावी. समजा, ‘ग्राहकाला रिफंडची स्थिती दिसावी’ हे कार्ड तीन दिवस टेस्टिंगच्या रकान्यात आहे. हे का अडलंय? टेस्टर सांगते, ‘पेमेंटच्या सँडबॉक्सचं लॉगिन नाही, टेस्ट डेटा बनवता येत नाही.’ पलीकडून एक जण म्हणतो, ‘माझ्याकडे आहे ना! अकराला बसू या का?’ विषय मिनिटभरात संपला. क्रमाने विचारलं असतं, तर हीच मुलगी ‘टेस्टिंग चालू आहे’ म्हणून मोकळी झाली असती. खोटं बोलायचं म्हणून नाही. प्रश्नच तसा होता.

मग डावीकडचा रकाना. कोड रिव्ह्यूमध्ये दोन कार्डं पडून आहेत आणि एक जण नवं कार्ड उचलायच्या तयारीत आहे. त्याला तिथेच सांगायचं, आधी रिव्ह्यू कर. अर्धवट कामं वाढवत नेली की सगळे कामात दिसतात, पण रिलीज होत नाही. मधल्या रकान्यांत किती कार्डं चालतील याची मर्यादा टीमने आधीच ठरवली असेल, तर हे सांगताना कुणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

एपीआय कसा असावा यावर दोघांची जुंपली, तर वाद तोडायचा नाही, फक्त हलवायचा. बोर्डाच्या कोपऱ्यात विषय आणि दोघांची नावं लिहायची. स्टँडअप संपल्यावर ते दोघं थांबतात, बाकीचे जागेवर जातात. इथे आपली भिडस्त मंडळी कमी पडतात. सीनियर बोलत असताना ‘नंतर घेऊ’ कोण म्हणणार? म्हणून हे म्हणायचं काम रोज आळीपाळीने एकेकाकडे द्यावं, नव्या ट्रेनीकडेसुद्धा.

वेळेचाही एक गुंता आहे. न्यूयॉर्कच्या क्लायंटने सकाळी साडेनऊ ठरवले, तर पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात. तिकडची घड्याळं मागे गेली की आठ. दिवस संपल्यावर दिवसाचा बेत कसला आखणार? टीमचं स्टँडअप सकाळी आपलं आपण करावं, संध्याकाळचा कॉल वेगळा ठेवावा.

स्प्रिंट प्लॅनिंग आणि स्प्रिंट रिव्ह्यूबद्दल थोडक्यात. महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंगची कमाल मर्यादा आठ तास, रिव्ह्यूची चार. स्प्रिंट लहान, तर वेळही कमी. प्लॅनिंग लांबतं ते बहुतेक वेळा कार्डं आधी नीट समजून न घेतल्यामुळे. आणि रिव्ह्यूत चालतं सॉफ्टवेअर दाखवावं, स्लाइड नकोत.

रेट्रोवर, म्हणजे स्प्रिंटकडे मागे वळून बघायच्या बैठकीवर, मात्र जीव लावावा. नॉर्म कर्थ यांनी 2001च्या आपल्या पुस्तकात रेट्रोचा पाया सांगितला: त्या वेळी जे माहीत होतं आणि हाताशी होतं, त्यात प्रत्येकाने होईल तेवढं चांगलंच काम केलं, असं धरून बोलायचं. अप्रेझल ज्याच्या हातात तो समोर बसला की हे वाक्य भिंतीवरच राहतं. म्हणून मॅनेजरने शक्यतो बाहेर राहावं. आधी पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून चिठ्ठ्या लिहाव्यात, मग त्या मिसळून वाचाव्यात. दहा सुधारणा ठरवू नयेत. एकच निवडावी, तिचं कार्ड करून पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डावर नावासकट लावावं, म्हणजे स्टँडअपमध्ये तिचीही विचारपूस होते. पुढच्या रेट्रोची सुरुवात त्याच कार्डापासून. ‘टेस्ट सर्व्हर सारखा बंद पडतो’ अशी चिठ्ठी तिसऱ्यांदा निघाली, तर ते टीमच्या हातातलं काम नाही. किती तास वाया गेले ते तारखांसकट मांडून मॅनेजरकडे न्यावं. ते सोडवणं त्याचं काम.