रोबो चालतोय ना? मग हात काढा!

समजा, तुमच्या कॉलेजची टीम यंदा पहिल्यांदाच रोबोकॉनमध्ये उतरतेय. थीम आली, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, टी-शर्टचं डिझाइनही फायनल झालं. (टी-शर्ट सगळ्यात आधी तयार होतो, रोबो सगळ्यात शेवटी!)

एबीयू रोबोकॉन २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. यजमान देश बहुतेक वेळा आपल्याच मातीतली थीम देतो. २००८ मध्ये ती पुण्यात झाली तेव्हा रोबो गोविंदा झाले होते. २०२२ मध्ये यजमान नवी दिल्ली आणि थीम चक्क लगोरी! एका टीमने बॉल मारून लगोरी फोडायची, पुन्हा रचायची आणि समोरच्यांनी बॉल मारून त्यांना रोखायचं.

आता आठवा, गल्लीत लगोरी खेळताना नेम कसा बसला होता? रोज मारून मारूनच ना? पहिल्या सीझनच्या टीम नेमकं हेच विसरतात. आदल्या रात्रीपर्यंत रोबो बनवतच बसतात. अजून एक सेन्सर लावू, हा आर्म बदलू, तापकीर गल्लीतून नवी मोटर आणू... आणि प्रॅक्टिस? शून्य. सहा-सात महिने राबायचं आणि मॅच असते जेमतेम दोन-तीन मिनिटांची.

बॅटरीचंच घ्या. लॅबमध्ये टेस्टिंग पॉवर सप्लायवर होतं, व्होल्टेज एकदम स्थिर. मैदानात मात्र बॅटरी असते. ती फुल असताना बॉल लांब जातो, उतरली की अलीकडेच पडतो. चाकाचा वेग एन्कोडरने मोजून कोडमध्येच सांभाळला नाही, तर नेम बॅटरीच्या मूडवर! फरशीचंही तेच. लॅबच्या टाइल्सवर सरळ पळणारा रोबो रंगवलेल्या प्लायवर घसरतो. प्रवासाच्या धक्क्यांनी कनेक्टर सैल होतात. यातलं काहीच कॅड मॉडेलमध्ये दिसत नाही, वीस-पंचवीस वेळा अख्खा गेम चालवला तरच दिसतं.

मी मासकॉमची, सोल्डरिंग गनपासून लांबच बरी. पण नियम वाचता येतात, आणि त्यात एक भारी गोष्ट आहे : रीट्राय. रोबो अडला तर पंचांना सांगून परत स्टार्ट झोनमध्ये आणायचा. घड्याळ मात्र थांबत नाही. मग उचलणार कोण, रीसेट कोण मारणार, ओरडणार कोण (एकानेच ओरडायचं, प्लीज!) याची रंगीत तालीम नको? साधा, पण दर वेळी चालणारा रोबो घेऊन जा. स्पर्धेच्या महिनाभर आधी डिझाइनला कुलूप लावा आणि किल्ली टीममधल्या सगळ्यात हट्टी मेंबरकडे द्या.

कारण पणाला बरंच काही लागलेलं असतं. घरून आणलेले पैसे, बुडालेली लेक्चर्स, एखादी केटी. रोबो जागचा हललाच नाही तर पुढच्या वर्षी कॉलेज फंड देताना दहादा विचार करणार. आणि हो, मुलींना फक्त स्पॉन्सरशिप आणि पीपीटी सोपवून मोकळे होऊ नका. ड्रायव्हर निवडायचा तर सगळ्यांच्या हातात रिमोट द्या, टायमर लावा. ज्याचा किंवा जिचा वेळ कमी, ती सीट त्याची.

सीझन संपला की झोपा काढण्याआधी एक काम : वायरिंगचे फोटो, जळालेल्या ड्रायव्हर बोर्डांची यादी आणि शेवटचा चालणारा कोड एका फोल्डरमध्ये टाका. नाहीतर पुढच्या वर्षी ज्युनिअर्स रात्री अकराला बेंगळुरूत नोकरीला लागलेल्या सिनिअरला फोन लावणार आणि तो म्हणणार, 'अरे, तो लॅपटॉप तर मी फॉरमॅट केला!'