सौर शिंगल

सौर शिंगल (अन्य नावे: सौर कौल, सौर छतफरशी) हे सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारे आणि त्याच वेळी घराच्या छपराचे आच्छादन म्हणूनही काम देणारे प्रकाशविद्युत साधन होय. नेहमीचे सौर पॅनेल तयार छतावर सांगाडा उभारून त्यावर बसवले जाते. सौर शिंगल मात्र स्वतःच छपराचा भाग असते. ते काढले तर खालचे घर उघडे पडते. इमारतीच्या बांधकामात सामावलेल्या सौरसाधनांना 'इमारत-एकात्मिक प्रकाशविद्युत साधने' म्हणतात. काचेच्या सौर भिंती, सौर तावदाने आणि सौर शिंगल ही याच वर्गातील होत.

शिंगल म्हणजे छपरावर एकावर एक चढवून ठोकलेल्या चपट्या पट्ट्या. उत्तर अमेरिकेतील बहुसंख्य घरांच्या उतरत्या छपरांवर काचतंतू व डांबर यांपासून केलेल्या अशा पट्ट्या असतात. सौर शिंगलचा जन्म या छपरांसाठी झाला. त्याचे गुणदोष समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

इतिहास

सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. स्फटिकरूप सिलिकॉनचे घट ठिसूळ असल्याने त्यांना जाड काच आणि ॲल्युमिनियमची चौकट द्यावी लागते. आज सर्वत्र दिसणाऱ्या पॅनेलचे रूप त्यातूनच ठरले. छपराच्या पट्टीसारखे पातळ व लवचीक साधन करण्यासाठी वेगळ्या पदार्थाची गरज होती.

तो पदार्थ म्हणजे अस्फटिक सिलिकॉन. शुभेंदू गुहा यांनी त्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले होते. १९८०च्या दशकाच्या आरंभी ते अमेरिकेस गेले. लवचीक सौर शिंगलच्या शोधाचे श्रेय त्यांना दिले जाते. 'युनि-सोलर' या नावाने विकल्या गेलेल्या या पट्ट्या सामान्य शिंगलप्रमाणे छपरावर ठोकता येत. मात्र त्यांची कार्यक्षमता स्फटिकरूप सिलिकॉनच्या निम्म्याच्या आसपास असल्याने तेवढ्याच विजेसाठी जवळजवळ दुप्पट छप्पर लागे. पुढे स्फटिकरूप सिलिकॉनच्या पॅनेलचे भाव झपाट्याने कोसळले आणि २०१२ साली या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

डाऊ केमिकल या रसायन कंपनीने २००९ साली 'पॉवरहाउस' हे शिंगल जाहीर केले व २०११ साली त्याची विक्री सुरू केली. त्यात तांबे, इंडियम, गॅलियम व सेलेनियम यांच्या संयुगाचे पातळ थर वापरलेले होते. २०१६ साली डाऊने हा व्यवसाय बंद केला. नंतर आरजीएस एनर्जी या कंपनीने परवाना घेऊन सिलिकॉन घटांची नवी आवृत्ती काढली, पण २०२० साली तीही दिवाळखोरीत निघाली.

ऑक्टोबर २०१६ मध्ये टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी लॉस एंजेलिस येथील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात, चित्रीकरणासाठी उभारलेल्या घरांवर, काचेची सौर कौले सादर केली. त्यामुळे हा विषय जगभर पोहोचला. या छपरातील सर्वच कौले वीज देत नाहीत. काही कौलांत सौरघट असतात, तर उरलेली केवळ दिसायला तशीच असतात. तिसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. छपराचे कोपरे, धुराडी व छोट्या खिडक्या जितक्या अधिक, तितके काम वाढते. हा हिशेब आरंभी नीट बसला नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने आधीच करार झालेल्या काही ग्राहकांसाठीही किंमत वाढवली. त्यावर ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला आणि तो पुढे तडजोडीने मिटला.

जानेवारी २०२२ मध्ये छतसामग्रीच्या व्यवसायातील जीएएफ समूहाने 'टिंबरलाइन सोलर' बाजारात आणले. नेहमीचा छतकामगार आपल्या नेहमीच्या खिळेबंदुकीने ते ठोकू शकतो, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. काचेच्या देखण्या कौलांच्या मानाने ही कल्पना साधी असली, तरी व्यवहाराच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची मानावी लागेल. छप्पर घालणारा आणि वीजकाम करणारा हे दोन वेगळे कारागीर असतात आणि त्यांची कामे एकमेकांत अडकली की खर्च वाढतो.

वीजनिर्मितीतील फरक

घरगुती सौर पॅनेलची कार्यक्षमता आज साधारणपणे २० ते २२ टक्के असते. अलीकडच्या शिंगलमध्येही सिलिकॉनचेच घट असल्याने घटांच्या पातळीवर फारसा फरक उरलेला नाही. खरा फरक छपरावर पडतो, आणि त्याची कारणे मुख्यतः तीन आहेत.

पहिले कारण उष्णता. सौर साधनाची क्षमता घटाचे तापमान २५ अंश सेल्सियस धरून छापलेली असते. सिलिकॉनचा घट त्याहून जितका तापेल, तितकी प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. पॅनेलच्या पाठीमागून वारा खेळतो, तर शिंगल छपराला चिकटून असते. दर अंशास ०.३५ टक्के घट धरली, तर ६० अंशांपर्यंत तापलेल्या पॅनेलची क्षमता सुमारे १२ टक्क्यांनी उतरते. तेच साधन ७० अंशांवर गेल्यास ही उतार सुमारे १६ टक्के होते. थंड प्रदेशात हा फरक नगण्य ठरतो, पण विदर्भातल्या मे महिन्यात तो नजरेआड करता येत नाही.

दुसरे कारण दिशा व कल. उत्तर गोलार्धात स्थिर साधन दक्षिणेकडे तोंड करून, स्थानिक अक्षांशाच्या जवळपास कलते ठेवल्यास वर्षभरात सर्वाधिक वीज मिळते. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश, तर नागपूरचा सुमारे २१ अंश आहे. सपाट गच्चीवर सांगाडा हवा तसा उभारता येतो. शिंगलला मात्र छपराचा उतार व दिशा आहे तशी स्वीकारावी लागते. उत्तरेकडच्या पाख्यावर वीज देणारी शिंगले बसवणे सहसा परवडत नाही. म्हणून तिथे त्याच रूपाची पण घट नसलेली शिंगले घालतात.

तिसरे कारण जोडांची संख्या. ५४० वॅटची सहा पॅनेले लावली की तीन किलोवॅटहून थोडी अधिक क्षमता होते. सुमारे ७२ वॅटच्या सौर कौलांनी तीन किलोवॅट गाठायचे तर ४२ कौले लागतात. ४५ वॅटच्या शिंगलसाठी हा आकडा ६७ होतो. प्रत्येक तुकड्याबरोबर तारांचे सांधे वाढतात, आणि पाऊस, दमटपणा व उष्णता यांत आधी बिघडतो तो बहुधा सांधाच. पॅनेलमधला दोष शोधताना सहा जागा तपासाव्या लागतात, इथे साठ. ही अडचण ओळखून काही नव्या रचनांमध्ये तारा शिंगलच्या वरच्या बाजूस, काढता येणाऱ्या झाकणाखाली ठेवलेल्या असतात.

खर्चाची तुलना

सौर शिंगल महाग की पॅनेल, या प्रश्नाचे सरळ उत्तर 'शिंगल' असेच आहे. पण तुलना कशाशी केली यावर फरकाचा आकार ठरतो. चांगल्या स्थितीतील छपरावर पॅनेल बसवणाऱ्याला फक्त वीजनिर्मितीचे साधन विकत घ्यावे लागते. शिंगल घेणारा त्यासोबत छप्परही विकत घेत असतो. त्यामुळे योग्य तुलना एकीकडे शिंगल आणि दुसरीकडे 'नवे साधे छप्पर अधिक पॅनेल' अशी करावी लागते.

अमेरिकेत या हिशेबाला विशेष अर्थ आहे. डांबरी शिंगलचे छप्पर साधारणपणे १५ ते ३० वर्षे टिकते, तर सौर पॅनेलची हमी बहुधा २५ वर्षांची असते. दहा-बारा वर्षांच्या जुन्या छपरावर पॅनेल बसवले, तर पॅनेल चालू स्थितीत असतानाच खालचे छप्पर बदलण्याची वेळ येते. तेव्हा सर्व पॅनेले उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च येतो. छप्पर बदलायचेच आहे किंवा घर नव्याने बांधायचे आहे, अशा वेळी शिंगलचा विचार सयुक्तिक ठरतो. तेव्हाही एकूण खर्च सामान्यतः पॅनेलच्या पर्यायापेक्षा जास्तच येतो. जादा रक्कम मोडते ती रूपासाठी. सुस्थितीतील छप्पर उखडून शिंगल घालणे आर्थिकदृष्ट्या समर्थनीय ठरत नाही.

अमेरिकेत संघीय प्राप्तिकरातील सवलत दोन्ही प्रकारांना मिळत असे. शिंगल छपराचे काम करते म्हणून ती नाकारली जात नव्हती, पण खालचे वासे व फळ्या यांचा खर्च तीत धरला जात नसे. २०२२ च्या कायद्याने तिचा दर ३० टक्के ठरवला होता. २०२५ च्या कायद्यानुसार ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला ही सवलत मिळत नाही. त्यामुळे महागड्या पर्यायाची बाजू आणखी दुबळी झाली आहे.

दुरुस्ती व सुटे भाग

पॅनेलची मोजमापे कंपनीगणिक थोडीफार वेगळी असली, तरी एक पॅनेल फुटल्यास दुसऱ्या कंपनीचे जवळपास त्याच विद्युत गुणांचे पॅनेल त्या जागी बसवता येते. शिंगलचे तसे नाही. प्रत्येक कंपनीची खाच, जाडी आणि जोडणी निराळी असते. एका कंपनीचे शिंगल दुसरीच्या रांगेत बसत नाही आणि बसले तरी पाणी अडेलच असे नाही. २५ वर्षांची हमी देणारी कंपनी २५ वर्षे टिकेल का, हा प्रश्न म्हणूनच इथे केवळ कागदी राहत नाही. वर दिलेल्या इतिहासात एका दशकाच्या आत तीन विक्रेते या व्यवसायातून बाहेर पडल्याचे दिसते. पॅनेलची कंपनी बुडाली तर ग्राहकाची हमी जाते. शिंगलची बुडाली तर छपराचे सुटे भागही जातात.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र शिंगल सरस आहे. उंच सांगाड्यावरील पॅनेलखाली वारा शिरून त्यास वर उचलतो. त्यामुळे सांगाड्याचे पाय, वजन व बोल्ट यांचा हिशेब अभियंत्याकडून करून घ्यावा लागतो. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळात घरांची कौले व पत्रे मोठ्या प्रमाणावर उडाले होते. अशा पट्ट्यात घाईने उभारलेला हलका सांगाडा घराइतकाच शेजाऱ्यालाही धोकादायक ठरू शकतो.

भारत व महाराष्ट्रातील स्थिती

भारतात छतावरील सौरऊर्जा म्हणजे जवळजवळ सर्वत्र पॅनेलच. शहरांतील घरांना काँक्रीटची सपाट गच्ची असते आणि तिच्यावर शिंगल घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अमेरिकेतील छपरासारखी काही वर्षांनी गच्ची बदलावीही लागत नाही, त्यामुळे शिंगलची मुख्य आर्थिक बाजूच इथे लागू होत नाही. शिवाय गच्चीला इतर उपयोग असतात. कपडे, पापड-कुरडयांची वाळवणे आणि उन्हाळ्यातील रात्रीची झोप यांसाठी ती मोकळी राहावी म्हणून अनेक घरमालक माणूस खालून सहज जाईल एवढ्या उंचीचा लोखंडी सांगाडा उभारतात. त्याची सावली ही आणखी एक सोय.

केंद्र शासनाच्या 'पीएम सूर्यघर: मोफत वीज योजने'त (फेब्रुवारी २०२४) घरगुती संचास पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये व तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये साहाय्य ठरवले आहे. कमाल मर्यादा ७८,००० रुपये आहे. हे साहाय्य किलोवॅटवर ठरत असल्याने महागडे साधन निवडले म्हणून ते वाढत नाही. त्यासाठी देशी बनावटीची पॅनेले वापरण्याची अटही आहे. जादा वीज जाळ्यात सोडण्याची नेट मीटरिंगची व्यवस्था महाराष्ट्रात राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार चालते.

उतरती छपरे आहेत ती कोकणात, गोव्यात व घाटमाथ्यावर. शिंगलला खरे तर हा प्रदेश अनुकूल वाटावा, पण मंगलोरी कौलांची रचना अगदी निराळी आहे. ही कौले वासे आणि रिपा यांवर नुसती टेकलेली असतात. खाली सलग फळ्या नसतात. कौलांच्या फटींतून घरातील उष्ण हवा व चुलीचा धूर बाहेर जातो. सौर शिंगलला मात्र खाली सलग पाया आणि जलरोधक थर लागतो. म्हणजे कौलांच्या जागी कौले एवढाच हा बदल राहत नाही, घराचा श्वासच बदलतो. फुटलेले कौल सरकवून नवे घालणे हे घरातलेच काम असते, पण वीजप्रवाह असलेल्या शिंगलला हात लावण्यासाठी जाणकार वीजतंत्रीच हवा. त्यात कौलांवर उड्या मारणारी माकडे आणि वरून पडणारे नारळ यांचा त्रास कोकणाला नवा नाही, आणि माडांची सावली तर दोन्ही प्रकारांची वीज घटवते.

कौलारू घरावर पॅनेल बसवायचे झाल्यास आकडे थेट वाशांना बांधावे लागतात. केवळ रिपांवर भार टाकणे असुरक्षित असते. जिथे आकडा कौलातून बाहेर येतो तिथे गळती सुरू होण्याचा संभव असतो. म्हणून शक्य असेल तिथे गोठ्याच्या किंवा पडवीच्या पत्र्यावर, अथवा अंगणात स्वतंत्र सांगाड्यावर पॅनेल उभारणे सोयीचे पडते.

ऐतिहासिक वास्तूंवरील वापर

जिथे छपराचे मूळ रूप बदलता येत नाही, तिथे किमतीचा विचार मागे पडतो. इटलीतील पाँपेई पुरातत्त्व उद्यानात भाजलेल्या मातीसारखी दिसणारी सौर कौले काही प्राचीन घरांच्या संरक्षक छपरांवर बसवण्यात आली आहेत. त्यांच्या पृष्ठभागावरील रंगीत थर प्रकाशाचा काही भाग अडवतो. त्यामुळे तेवढ्याच क्षेत्रफळातून ती काळ्या पॅनेलपेक्षा कमी वीज देतात.