खेळाचा एक नियम कसा जन्मास आला

जागतिक चषकाच्या फुटबॉल स्पर्धेंत प्रत्येक गटांतील अखेरचे दोन सामने निरनिराळ्या मैदानांवर, परंतु एकाच घटकेस सुरू होतात, ही गोष्ट विद्यार्थिमित्रांपैकीं पुष्कळांच्या लक्षांत आली असेल. असें कां करितात, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असतें. या नियमाचें मूळ जर्मनी व अल्जीरिया यांच्या चुरशींत आहे.

अल्जीरिया हा उत्तर आफ्रिकेंतील देश १९६२ सालीं फ्रान्सच्या सत्तेंतून मुक्त झाला. त्यापूर्वीं, १९५८ च्या एप्रिलांत, फ्रान्समधील नामांकित संघांतून खेळणारे कित्येक अल्जीरियन गडी मानाचें स्थान सोडून गुपचूप निघून गेले व ट्यूनिस येथें त्यांनीं स्वातंत्र्यवाद्यांचा संघ उभा केला. रशीद मेखलूफी हा त्यांतलाच. स्वतंत्र अल्जीरियाची पश्चिम जर्मनीशीं पहिली गांठ १ जानेवारी १९६४ रोजीं मित्रत्वाच्या सामन्यांत पडली. तो सामना अल्जीरियानें २-० असा जिंकला.

पुढें १६ जून १९८२ रोजीं स्पेनमधील हिहोन शहरीं हे दोन संघ पुनः समोरासमोर आले. जर्मनांनीं पूर्वीं दोन वेळां जागतिक चषक मिळविला होता. अल्जीरिया त्या स्पर्धेंत प्रथमच उतरत होता. मेखलूफी आतां त्यांच्या प्रशिक्षकांपैकीं एक होता. उत्तरार्धांत राबाह मादजेरनें पहिला गोल केला. रुमेनिगेनें बरोबरी साधली. परंतु जर्मनांचा जयघोष विरतो न विरतो तोंच लाखदार बेल्लूमीनें दुसरा गोल केला. सामना २-१ असा संपला. जागतिक चषकांत आफ्रिकेंतील संघानें युरोपांतील संघास हरविण्याचा हा पहिलाच प्रसंग होय.

त्यानंतर अल्जीरिया ऑस्ट्रियाकडून ०-२ हरला व चिलीशीं ३-२ जिंकला. त्या काळीं विजयास दोन गुण मिळत; तेव्हां अल्जीरियाचे गुण चार झाले. मात्र चिलीविरुद्ध मध्यंतरास तीन गोलांची आघाडी असतां उत्तरार्धांत दोन गोल अंगावर घेतल्यामुळें गोलांच्या हिशेबांत त्यांची बाजू लंगडी पडली. अल्जीरियाचे सर्व सामने संपले, आणि पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया यांचा सामना दुसऱ्या दिवशीं व्हावयाचा होता. ऑस्ट्रियाचे चार गुण होते, जर्मनीचे दोन. जर्मनी न जिंकल्यास जर्मनीच बाहेर जाणार. परंतु एक किंवा दोन गोलांनीं जिंकल्यास हे दोन्ही संघ पुढें जाऊन अल्जीरिया बाहेर पडणार, हा हिशेब दोघांनाही खेळण्यापूर्वींच माहीत होता.

२५ जून रोजीं ह्रुबेशनें आरंभींच्या दहा-अकरा मिनिटांतच जर्मनीचा गोल केला. पुढें सुमारें ऐंशीं मिनिटें दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलीत राहिले. चढाई नाहीं, चुरस नाहीं. प्रेक्षकांतील अल्जीरियन लोकांनीं संतापून नोटा फडकविल्या. ऑस्ट्रियाच्या निवेदकानें तर प्रेक्षकांस आपले दूरचित्रवाणी संच बंद करावयास सांगितलें. सामना १-० असा संपला. अल्जीरियानें तक्रार केली. परंतु कोणताही नियम मोडलेला नव्हता, म्हणून ती फेटाळण्यांत आली.

येथें विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, एखादा गडी मन लावून खेळत नाहीं, हें पंचानें सिद्ध कसें करावें? हात चेंडूस लागला तर दिसतो. मनांतील हेतु दिसत नाहीं. म्हणून फुटबॉलच्या जागतिक संघटनेनें दोष शोधण्याऐवजीं मोहाची संधीच कमी केली, आणि १९८६ च्या स्पर्धेपासून गटांतील अखेरचे सामने एकाच वेळीं खेळविण्यास प्रारंभ झाला. परीक्षेंत सर्व तुकड्यांस प्रश्नपत्रिका एकाच घंटेस देतात, ती सर्व मुलें लबाड असतात म्हणून नव्हे; एका तुकडीची परीक्षा आधीं झाली, तर दुसरीस प्रश्न आधींच कळतील, म्हणून. तसेंच हें आहे. अल्जीरियास त्याचें स्थान परत मिळालें नाहीं. परंतु त्याच्या मागून येणाऱ्या प्रत्येक संघास त्या नियमाचें संरक्षण लाभलें.

बत्तीस वर्षांनीं, ३० जून २०१४ रोजीं, ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे येथें हे दोन देश बादफेरींत भेटले. अल्जीरियाच्या वेगवान चढाया थोपविण्यास जर्मन गोलरक्षक नॉयर यास वारंवार आपलें क्षेत्र सोडून धांवावें लागलें. उलट बाजूस म्बोल्ही यानें जर्मनांचे अनेक जोरदार फटके अडविले. नव्वद मिनिटांत एकही गोल झाला नाहीं. जादा वेळांत शुर्ले व ओझिल यांनीं जर्मनीचे गोल केले. तरीही अगदीं शेवटच्या क्षणीं जाबूनें अल्जीरियाचा गोल केलाच. जर्मनी २-१ असा जिंकला, आणि पुढें चषकही त्यानेंच मिळविला. अल्जीरियाच्या गड्यांचें मायदेशीं वीरांसारखें स्वागत झालें.

१९८२ चा जर्मन संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला होता. पण त्या वर्षाचें नांव निघालें कीं लोकांस हिहोनचीं तीं ऐंशीं मिनिटें आठवतात. आपल्या शाळेच्या मैदानावर पंचाची दृष्टि सर्वत्र पोहोंचत नाहीं. जेथें ती पोहोंचत नाहीं, तेथें कसें खेळावयाचें, हें प्रत्येक मुलानें स्वतःच ठरवावयाचें असतें.