ईश्वरी अधिकार आणि मानवी अधिकार : ख्रिस्ती जीवनातील अधीनतेचा विचार (पंडिता रमाबाई व ना. वा. टिळक यांच्या संदर्भात)

प्रस्तावना

ईश्वराच्या अधिकाराला अधीन होणे ही ख्रिस्ती धर्मजीवनातील मूलभूत कल्पना आहे. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतच ईश्वराची इच्छा पृथ्वीवर सिद्धीस जावी अशी मागणी येते. धर्मसेवेची दीक्षा, मठवासीयांची व्रते, मिशनरी कार्य आणि सामान्य श्रद्धावंताचे दैनंदिन जीवन या सर्वांचा पाया या अधीनतेवर आधारलेला आहे. तथापि ही कल्पना वाटते तितकी सरळ नाही. ईश्वराचा अधिकार माणसाच्या अनुभवास निखळ स्वरूपात क्वचितच येतो. तो धर्मग्रंथ, चर्च, बिशप, मिशनची समिती किंवा स्वतःची सदसद्विवेकबुद्धी अशा कोणत्या तरी माध्यमातून प्रकट होतो. ही माध्यमे परस्परांशी सहमत असतात तोवर प्रश्न उद्भवत नाही. ती एकमेकांच्या विरोधात उभी राहिली की कोणाचे ऐकावे, हा पेच निर्माण होतो.

या पेचाला दोन बाजू आहेत. ईश्वराच्या नावाने बोलणारी संस्था वा व्यक्ती स्वतःचीच आज्ञा ईश्वराची म्हणून लादू शकते. उलटपक्षी, एखादी व्यक्ती स्वतःच्या हट्टालाच ईश्वराचा आदेश समजू शकते. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) आणि नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) या दोघांच्या चरित्रांत हा पेच स्पष्टपणे दिसतो. दोघांनीही ईश्वरापुढे पूर्ण शरणागती पत्करली आणि दोघांनीही त्याच शरणागतीच्या आधारे धर्मसंस्थेच्या अधिकाराला मर्यादा घातली. या दोन उदाहरणांच्या आधारे अधीनतेच्या संकल्पनेचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संज्ञाविचार

नव्या करारात 'अधिकार' या अर्थी प्रामुख्याने 'एक्झुसिया' हा ग्रीक शब्द येतो. नुसते बळ दर्शविण्यासाठी 'दुनामिस' हा वेगळा शब्द आहे. 'एक्झुसिया'मध्ये सामर्थ्यासोबत ते वापरण्याचा रास्त हक्क अभिप्रेत असतो. अधीनतेसाठी येणाऱ्या 'हुपोतासो' या क्रियापदाचा मूळ अर्थ 'एखाद्या व्यवस्थेत कोणाच्या तरी खाली स्थान देणे' असा आहे. आज्ञापालनासाठी येणारे 'हुपाकुओ' हे क्रियापद मात्र 'ऐकणे' या अर्थाच्या धातूपासून बनले आहे. हिब्रूतील 'शामा' या क्रियापदाचेही तसेच आहे. ऐकणे आणि मानणे हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात.

मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. 'मुलगा आईचे ऐकतो' या वाक्यात कानांनी ऐकण्यापेक्षा आज्ञा मानण्याचाच अर्थ प्रधान असतो. मात्र शब्दाचा हा दुहेरी अर्थ महत्त्वाचा आहे. ऐकणाऱ्याला काय सांगितले गेले ते समजून घ्यावे लागते, कोण बोलत आहे हे ओळखावे लागते आणि मग होकार द्यावा लागतो. न समजता मान डोलावणे म्हणजे या अर्थाने ऐकणे नव्हे. ख्रिस्ती अधीनता आणि आंधळे आज्ञापालन यांतील भेद येथेच सुरू होतो.

नव्या करारातील अधिकारकल्पना

नव्या करारातील या विषयावरील वचने एकाच दिशेची नाहीत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल राज्यकर्त्यांच्या अधिकाराचा उगम ईश्वराकडे असल्याचे सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात मात्र यहुदी धर्मसभेने उपदेशास बंदी केली असता, माणसांपेक्षा ईश्वराची आज्ञा मानली पाहिजे अशी भूमिका पेत्र व इतर प्रेषित घेतात. वरवर परस्परविरोधी भासणारी ही वचने एकत्र वाचली म्हणजे त्यांचा संबंध स्पष्ट होतो. मानवी अधिकार ईश्वराने दिलेला असेल, तर तो स्वयंभू नाही. दिलेल्या अधिकाराला देणाऱ्याची मर्यादा असते. प्रेषितांनी बंदी मोडली, पण त्यासाठी झालेली फटक्यांची शिक्षाही सोसली, ही बाबही दुर्लक्षिता येत नाही.

अधिकाराच्या स्वरूपाविषयीचे येशूचे विवेचन याहून मूलगामी आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तो राष्ट्रांच्या अधिपतींचा सत्ता गाजविण्याचा मार्ग शिष्यांना नाकारतो आणि मोठे होऊ इच्छिणाऱ्याने सेवक व्हावे असे सांगतो. योहानाच्या तेराव्या अध्यायात तो स्वतः शिष्यांचे पाय धुतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताच्या आज्ञाधारकतेचे वर्णन स्वतःला रिक्त करणे असे येते. गेथशेमाने बागेतील प्रार्थनेत येशू प्रथम स्वतःची इच्छा मोकळेपणाने मांडतो आणि नंतरच पित्याच्या इच्छेला मान देतो. या अधीनतेत प्रश्न विचारण्यास मज्जाव नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

पंडिता रमाबाई : शब्दाचा अधिकार आणि चर्चचा अधिकार

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी व त्यांची कन्या मनोरमा यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता होत्या. पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्यांचा प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी संबंध आला. १८८४-८५ च्या सुमारास या मंडळींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो मूलभूत साधन होय.

या पत्रव्यवहारात दोन वाद ठळक आहेत. पहिला सिद्धांतांचा. त्रैक्याचा सिद्धांत आणि अथनेशियसच्या नावाने ओळखली जाणारी विश्वासांगिकारोक्ती जशीच्या तशी मान्य करणे रमाबाईंना अवघड वाटत होते. बायबलमध्ये जे स्पष्टपणे आढळते ते त्यांना मान्य होते, परंतु चर्चने सांगितले एवढ्याच कारणास्तव एखादा सिद्धांत स्वीकारण्याची त्यांची तयारी नव्हती. दुसरा वाद व्यवहाराचा होता. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, या प्रश्नावर हिंदुस्थानातील बिशपांचे मत मागविले गेले आणि ते प्रतिकूल आले. रमाबाईंनी या हस्तक्षेपाला ठाम विरोध केला. ईश्वराने दिलेली बुद्धी व विवेक दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यास त्या तयार नव्हत्या.

सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. त्यांच्या बाजूने विचार केला तर हा आक्षेप अगदीच निराधार नाही. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीने शतकानुशतकांच्या परंपरेला प्रश्न विचारावेत, हे मठाच्या शिस्तीत वाढलेल्या स्त्रीला खटकणे स्वाभाविक होते. पण रमाबाईंची पार्श्वभूमी वेगळी होती. संस्कृत शास्त्रांचे अध्ययन केलेल्या या विदुषीने धर्मग्रंथांच्या नावाने स्त्रियांवर लादलेला अधिकार जवळून पाहिला होता. एका पुरोहितवर्गाचा अधिकार सोडून दुसऱ्याच्या अधिकाराखाली जाणे त्यांना धर्मांतराचा अर्थ वाटत नव्हता.

त्यांची शरणागती याहून पुढची होती, हे नंतरच्या आयुष्याने दाखविले. १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात १८९१ च्या सुमारास आलेल्या आध्यात्मिक अनुभवाचा उल्लेख त्यांनी केला आहे. धर्म म्हणून स्वीकारलेला ख्रिस्ती विचार त्या अनुभवानंतर त्यांच्यासाठी व्यक्तिगत शरणागती बनला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या व केडगाव येथील मुक्ती सदनाचा विस्तार झाला. लहान वयात आईवडिलांना दुष्काळात गमावलेल्या रमाबाईंना त्या मुलींची अवस्था परकी नव्हती. आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू व ग्रीक भाषांचे अध्ययन करून त्यांनी अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. ज्या शब्दाचा अधिकार मानायचा, तो प्रत्येकीला स्वतः वाचता आला पाहिजे, ही चेल्टनहॅममधील भूमिकाच येथे कृतीत उतरली.

ना. वा. टिळक : मिशनपासून देवाच्या दरबारापर्यंत

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यानंतर अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात ते दीर्घकाळ होते आणि 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादनही त्यांनी केले. मिशनचे ऋण त्यांनी नाकारले नाही. पण परदेशी निधी आणि परदेशी पद्धती यांवर अवलंबून असलेली धर्मसेवा हिंदी मनाला ख्रिस्तापर्यंत पोहोचवू शकत नाही, ही त्यांची खंत उत्तरोत्तर वाढत गेली. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. त्यामुळे शरणागतीची त्यांची कल्पना वारकरी भक्तीच्या भाषेत घडली होती. त्या भाषेत भक्त आणि देव यांच्यामध्ये कार्यालयाला जागा नाही.

१९१७ मध्ये टिळक मिशनच्या सेवेतून मुक्त झाले आणि त्यांनी ख्रिस्ती संन्यास स्वीकारला. सातारा येथे त्यांनी 'देवाचा दरबार' या बंधुसंघाची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत असा त्यांचा मानस होता. 'दरबार' या नावातच त्यांचा अधिकारविचार साठला आहे. दरबारात राजा एकच. इतर सर्व, मग ते धर्मोपदेशक असोत वा नवखे भक्त, त्याच्यासमोर समान. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाल्याने हा प्रयोग बाल्यावस्थेतच राहिला.

अधीनतेच्या कसोट्या

रमाबाई व टिळक यांचा निर्णय ईश्वराच्या अधीनतेचा होता की केवळ स्वतंत्र वृत्तीचा, असा प्रश्न अभ्यासकाने विचारणे योग्यच आहे. अंतःकरणातील आदेश बाहेरून तपासता येत नाही, परंतु त्याचे परिणाम तपासता येतात. त्या दृष्टीने तीन कसोट्या मांडता येतील.

पहिली कसोटी किमतीची. या निर्णयाची किंमत कोण मोजतो? रमाबाई व टिळक या दोघांनीही समाजातील स्थान, आश्रय आणि सुरक्षितता गमावली. मात्र किंमत नेहमी एकट्यालाच मोजावी लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) वाचताना टिळकांच्या त्यागाचा व लहरी औदार्याचा भार घरच्या माणसांवर कसा पडत होता, हे ध्यानात येते. धर्मांतरानंतरचा वियोगही लक्ष्मीबाईंनी सोसला. ईश्वराच्या आदेशाचा विचार करताना हा दुसऱ्यांवर पडलेला भार हिशेबाबाहेर ठेवता येत नाही.

दुसरी कसोटी मोकळेपणाची. ईश्वराचा आदेश म्हणून जे सांगितले जाते ते प्रश्नांना सामोरे जाते काय? रमाबाईंनी आपली कारणे पत्रांतून सविस्तर मांडली; विरोधकांना उत्तर दिले आणि स्वतःच्या शंका लपविल्या नाहीत. जो अधिकार प्रश्न विचारणेच पाप ठरवितो, तो गेथशेमानेतील प्रार्थनेशी विसंगत आहे.

तिसरी व सर्वांत कठीण कसोटी स्वतःच्या हातातील सत्तेची. वरिष्ठांकडून मागितलेले स्वातंत्र्य आपण आपल्या आश्रितांना देतो काय? येथे रमाबाईंचे चरित्रही वादातीत नाही. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या व पुढे पुण्यास हलविलेल्या शारदा सदनात धार्मिक तटस्थतेचे धोरण होते. मुलींना आपापला धर्म पाळण्याची मुभा होती, पण रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला येणाऱ्या मुलींना त्यांनी अडविले नाही. यावरून १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडले. प्रार्थनेचे दार बंद करणे रमाबाईंना विवेकाविरुद्ध वाटले, तर अन्नवस्त्रासाठी जिच्यावर अवलंबून राहावे लागते तिच्या प्रार्थनेला जाणारी मुलगी खरोखर कितपत मुक्त असते, अशी टीकाकारांची शंका होती. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आश्रय देणाऱ्याचा शब्द आश्रिताला आज्ञेसारखाच ऐकू येतो, याचे भान धर्मसेवेतील प्रत्येकाला ठेवावे लागते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, ईश्वरी अधिकाराची अधीनता ही ख्रिस्ती विचारात मानवी अधिकाराला मिळालेली सरसकट मान्यता नाही. उलट तीच मानवी अधिकाराची मर्यादा निश्चित करते. बिशप, मिशन, संस्थाचालक आणि स्वतः श्रद्धावंत हे सर्व एकाच अधिकाराखाली येतात. म्हणून त्यांपैकी कोणालाही अंतिम शब्द आपला आहे असा दावा करता येत नाही. रमाबाईंनी व टिळकांनी हे तत्त्व आपल्यावरील अधिकाऱ्यांना लावून दाखविले. तेच तत्त्व आपल्या हाताखालील दुर्बल माणसाच्या बाबतीत लावणे अधिक अवघड असते, हेही त्यांच्याच चरित्रांवरून कळते. धर्मसंस्था असो वा शिक्षणसंस्था, उच्च ध्येयाच्या नावाने आज्ञा दिल्या जातात तेथे ही तिसरी कसोटी प्रथम लावली पाहिजे. ईश्वराचे ऐकणारा माणूस त्याच्यापुढे बोलण्याचे धैर्य नसलेल्या माणसाचेही ऐकतो काय, यावरून त्याच्या अधीनतेची पारख होते.