शेजार सांभाळणारं सॉफ्टवेअर

संपादकांनी धाडलं होतं ५जीवर लिहायला. मी रमलो ते एका लोखंडी पेटीपाशी. हिंजवडीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मोबाइल नेटवर्कचं सॉफ्टवेअर तपासलं जातं, तिथली ही पेटी. बाहेरची एकही लहर आत शिरू नये अशी चहूबाजूंनी बंद, आणि आत एक फोन. दोन केबलींतून दोन सेलचे सिग्नल त्याच्यापर्यंत येतात. प्रत्येक केबलीच्या वाटेत ॲटेन्युएटर बसवलेला, म्हणजे सिग्नल हवा तेवढा क्षीण करणारं उपकरण. तिथल्या इंजिनिअर बाईंनी एका सेलचा जोर हळूहळू उतरवला, दुसऱ्याचा चढवला. फोन जागचा हलला नाही, पण त्याच्या लेखी तो एका टॉवरपासून दुसऱ्याकडे निघाला होता. पडद्यावर संदेशांच्या ओळी सरकल्या आणि चालू कॉल न तुटता दुसऱ्या सेलवर गेला.

“एकदा होणं सोपं असतं,” त्या म्हणाल्या. “आता हे रात्रभर चालेल. सकाळी किती फसले तेवढंच मी बघते.”

या कामाला हँडओव्हर म्हणतात. प्रदेशाचे लहान लहान सेल पाडायची कल्पना बेल लॅब्समध्ये १९४७ साली मांडली गेली. चालता कॉल एका सेलमधून दुसऱ्यात कसा न्यावा, याचं पेटंट तिथल्याच एमॉस जोएल यांना १९७२ मध्ये मिळालं. पुढची कित्येक वर्षं ही बुद्धी खास यंत्रांत राहिली. २०१८ च्या सुमारास ५जीचे नियम ठरले तेव्हा बेस स्टेशनचे दोन भाग करायची सोय झाली: अँटेनाजवळचा डीयू आणि दूर कुठे तरी बसून अनेक डीयू सांभाळणारा सीयू. दोन्ही भाग साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर म्हणून चालू शकतात. जपानच्या राकुतेन मोबाइलनं एप्रिल २०२० मध्ये याच विचाराचं, पूर्ण आभासी म्हणवलं गेलेलं ४जी नेटवर्क देशभरच्या ग्राहकांसाठी सुरू केलं. कंपनीचे तेव्हाचे तंत्रप्रमुख तारिक अमीन हे त्याआधी रिलायन्स जिओत होते.

मला मात्र खिळवून ठेवलं ते सीयूच्या पोटातल्या एका तक्त्यानं. डीयू सुरू झाला की तो पहिल्यांदा सीयूला आपली ओळख देतो: माझ्याकडे हे हे सेल, यांचे क्रमांक हे, फ्रिक्वेन्सी ही. एका डीयूकडे ५१२ पर्यंत सेल असू शकतात. त्यांतले कोणते चालू करायचे ते सीयू कळवतो. या माहितीला शेजारच्या सेलची माहिती जोडली की नेबर लिस्ट तयार होते; हाच तो तक्ता.

ती का लागते, हे त्या बाईंनी लॉग उघडून दाखवलं. फोन सतत आजूबाजूचे सेल मोजत असतो. शेजारचा सेल चालू सेलपेक्षा, समजा, ३ डेसिबलनं सरस ठरला आणि ३२० मिलिसेकंद सरसच राहिला, तर फोन तसं कळवतो. ताशी १०० किलोमीटरनं धावणारी गाडी तेवढ्यात जवळपास ९ मीटर पुढे जाते. फोन कळवतो तो मात्र फक्त ० ते १००७ मधला एक क्रमांक. देशात सेल लाखांनी, क्रमांक १००८. म्हणजे तेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले जाणार. ३१७ म्हणजे नेमका कुठला ३१७, हे तक्ता सांगतो. मग सीयू त्या सेलच्या डीयूला विचारतो आणि एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी फोनसाठी तिथे जागा धरली जाते. त्यानंतरच फोनला निघायचा हुकूम मिळतो.

तक्त्यात नोंदच नसेल तर फोन सांगत राहतो आणि नेटवर्क काहीच करत नाही. इंजिनिअर त्याला ‘मिसिंग नेबर’ म्हणतात. जवळपास एकाच क्रमांकाचे दोन सेल असले तर जागा एकीकडे धरली जाते आणि फोन दुसरीकडे पोचतो. दोन्हींत कॉल तुटण्याची पाळी येते.

ही दुखणी जुनीच आहेत. आभासी नेटवर्कात ती वाढतात, कारण इथे काहीच फार काळ जागेवर राहत नाही. भार वाढला म्हणून एका सीयूचे दोन केले, की काही सेलचा मालक बदलतो. काल एकाच सीयूच्या आत उरकणारा हँडओव्हर आज दोन सीयूंमधला होतो, संदेश वाढतात आणि शेजाऱ्यांना नवा पत्ता कळवावा लागतो. वीज वाचवायला रात्री एखादा सेल झोपवला आणि ती खबर सगळीकडे पोचली नाही, तर बंद दारावर मागणी जाते. सर्व्हर कोलमडला तर त्याच्या जागी दुसरा पटकन उभा राहतो, पण त्याच्या हातातला तक्ता ताजा असेलच असं नाही. आणि डीयू एका कंपनीचा, सीयू दुसऱ्या कंपनीचा असला, तर एकाच नियमाचे दोघांनी दोन अर्थ लावलेले चाचणीतच उघड होतात. पूर्वी एकाच कंपनीला जाब विचारता येई. आता कॉल तुटला की दोघीही आपापला लॉग पुढे करतात.

उपायही निघाले आहेत. अनोळखी सेल दिसला तर त्याची पूर्ण ओळख फोनकडूनच वाचून घेऊन तक्ता भरता येतो. २०२० साली पूर्ण झालेल्या नियमांत अनेक संभाव्य सेल आधीच तयार ठेवून वेळ आली की फोनलाच निघू द्यायची सोय झाली. पण तयारी ज्या सेलची करायची तेही तक्त्यातूनच निवडायचे. तक्ता शिळा असेल तर हुशारीही चुकीच्या दारात नेते.

आभासी नेटवर्कची जाहिरात स्वस्ताई आणि लवचिकतेवर होते, आणि हे दोन्ही गुण खरे आहेत. अशी यंत्रणा विकत घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: वेगाचे आकडे मागाल तेव्हा सीयू मध्येच बंद पाडून त्याच क्षणी हँडओव्हरची चाचणीही मागा. रुग्णवाहिकेत बसलेल्या माणसाचा कॉल त्या चाचणीवर अवलंबून आहे.