शिवी बसते कुणाला?

सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं ओढ्याच्या दोन काठांवर आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बाया काठावर जमतात आणि हलगीच्या कडकडाटात, हातवारे करत, पलीकडच्या बायांना शिव्या घालतात. याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. बघायला गर्दी लोटते, बंदोबस्ताला पोलीस असतात. त्या तासाभरावरून या बायांची अक्कल नि संस्कार मोजायला कुणी बसला, तर शहाणा कोण आणि खुळा कोण?

आपण मात्र एरवी हेच करतो. ‘शब्द सुचत नाहीत म्हणून शिवी येते,’ असं शाळेत गुरुजींनी सांगितलेलं असतं. अमेरिकेतल्या क्रिस्टिन जे आणि टिमोथी जे या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ साली हे तपासून पाहिलं. मिनिटभरात आठवतील तेवढ्या शिव्या सांगा; मग ठरावीक अक्षरांनी सुरू होणारे शब्द, प्राण्यांची नावं. ज्यांना शिव्या भराभर आठवल्या, त्यांना बाकीचे शब्दही भराभर आठवले. गंगाजळी एकच, कप्पे वेगळे. अर्थात शिव्या ठाऊक असणं वेगळं नि उठताबसता देणं वेगळं. गुरुजींना पुरतं खोडून काढण्याइतका पुरावा हा नव्हे.

गावरान किंवा टपोरी बोलीचंही तेच. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या कवितासंग्रहाला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. शब्दांवरच जगलेल्या तेंडुलकरांनाही त्या कवितांमधले कितीतरी शब्द अनोळखी होते. इथे शब्दांची गरिबी नेमकी कुणाची म्हणायची?

शिवीला औषधी गुणही आहे. इंग्लंडच्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावले. एकदा शिवी घोकत, एकदा टेबलाचं वर्णन करणारा साधा शब्द घोकत. शिवी घोकताना हात जास्त वेळ टिकला. हा प्रयोग २००९ सालचा. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की दिवसभर तोंडात शिवी असणाऱ्यांना तिचा फारसा गुण येत नाही. म्हणजे दाराच्या फटीत बोट चेमटल्यावर कामी यावी असं वाटत असेल, तर शिवी जरा राखूनच वापरावी.

आणि प्रत्येक शिवी शिवी असतेच असं कुठे आहे? ‘मेल्या, खय होतंस इतके दिस?’ असं म्हणणारी मालवणी आजी नातवाला जेवायलाच वाढत असते. तिनं ‘आपण कुठे होतात?’ असं विचारलं, तर मात्र नातवानं घाबरावं. ‘वस्त्रहरण’ नाटकाचे पाच हजारांवर प्रयोग झाले ते याच बोलीच्या जोरावर, आणि ते पाहायला सदाशिव पेठही येऊन बसली.

मग शिवीवरून स्वभाव कळतच नाही का? कळतो, पण शिवी कोणती यापेक्षा ती कुणाकडे घसरते, त्यावरून. सोसायटीच्या रखवालदाराला आईवरून बोलणारा माणूस ऑफिसात वरिष्ठांसमोर ‘हो सर, करतो सर’ करत असतो. ‘रागाच्या भरात तोंडातून गेलं’ ही त्याची सबब मला कधीच पटलेली नाही. लगाम त्याच्या हातात पक्का आहे. तो कुणापुढे सैल सोडायचा याचा हिशोबही पक्का आहे. ‘भडव्या’ म्हणून मित्राच्या पाठीत धपाटा घालणाऱ्याचं मला भय वाटत नाही. एकही वावगा शब्द न उच्चारता, ‘यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार!’ असं हसून म्हणणाऱ्याचं वाटतं. जातीचं नाव घेऊन दलित-आदिवासी माणसाचा चारचौघांत अपमान केला, तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. त्या हसऱ्या वाक्यातला ‘यांच्याकडून’ मात्र सहसा सुटून जातो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावच्या ग्रामसभेनं ठराव केला: आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. काहींना हसू आलं. वसुली कशी करणार, साक्षीदार कोण, हे प्रश्न रास्तच आहेत. पण ठरावानं नेमकी गाठ पकडली आहे. बांधावरून दोन बाप्ये भांडतात, आणि शिवी बसते ती घरी भाकरी थापणाऱ्या तिसरीला, जिला त्या बांधाचं काही ठाऊकही नसतं.

बोरीच्या ओढ्यावर निदान जिला शिवी द्यायची ती समोरच्या काठावर उभी असते, आणि त्या दिवशी तिच्याही तोंडाला तेवढीच मुभा असते.